नायिकेचे ‘मी’ आणि निवेदनाची मूल्ये : ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीच्या संदर्भात

१

ना. गो. चापेकर यांचा ‘आमचा गाव : बदलापूर’ हा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. न्यायखात्यात नोकरी केलेल्या आणि बदलापूर येथे वास्तव्य करणाऱ्या या व्यासंगी लेखकाने एका लहानशा गावाची वस्ती, जाती, शेती, व्यवसाय आणि चालीरीती यांचे तपशीलवार वर्णन त्यात केले आहे. मराठीतील ग्रामाभ्यासाच्या आरंभीच्या ग्रंथांमध्ये त्याची गणना योग्य रीतीने केली जाते. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्यातील माहितीइतकेच त्याच्या शीर्षकाकडे लक्ष द्यायला हवे. वर्णन तटस्थ असावे अशी ज्या लेखनप्रकाराकडून अपेक्षा असते, त्याच्या शीर्षस्थानी ‘आमचा’ हे षष्ठ्यन्त पद आले आहे. या पदाने लेखक गावाशी आपले नाते सांगतो आणि त्याच वेळी गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकारही घेतो. ‘आमचा’ म्हणणाऱ्या या अनेकवचनात कोण कोण सामावले आहे, हा प्रश्न शीर्षकाने विचारलेला नाही. ग्रामवर्णनाने तो विचारावा अशी अपेक्षाही नसते. चालीरीतींची नोंद करणाऱ्यासाठी चाल ही समूहाची असते. ती चाल ज्या एका व्यक्तीवर येऊन पडते, तिला तिचा काय अनुभव येतो हे सांगण्याचे साधन नोंदीजवळ नाही.

कादंबरीजवळ ते आहे. म्हणूनच, एखाद्या काळाचा ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून कादंबरी वाचण्याची जी प्रथा आपल्या समीक्षेत रुजली आहे, ती कादंबरीच्या विशेषावरच घाव घालते. चाल, रूढी, कुटुंबरचना यांची माहिती इतर साधनांतूनही मिळते. जी एरवी मिळत नाही ती गोष्ट म्हणजे त्या रूढीच्या आत राहून घडलेले, किंवा घडू न शकलेले, एका व्यक्तीचे मूल्यभान. हे मूल्यभान कादंबरीत कोठे वसते, नायिकेच्या बोलून दाखवलेल्या मतांत की ती आपली हकीकत ज्या रीतीने सांगते त्या रीतीत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आधाराला घेतली आहे. ‘करमणूक’ हे साप्ताहिक हरिभाऊंनी १८९० साली सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या वेळी लेखकाचे वय सव्वीस वर्षांचे होते.

कादंबरीचा भूगोल दोन टोकांचा आहे. एका टोकाला पुण्यातील एकत्र कुटुंब आणि दुसऱ्या टोकाला मुंबईतील नवराबायकोचे स्वतंत्र बिऱ्हाड. १८६३ साली भोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि ही दोन टोके एकमेकांच्या आवाक्यात आली. बदलापूर याच मार्गावरचे गाव आहे. सासर न सोडताही सासरच्या नजरेपलीकडे जाता येणे ही, एका मर्यादित वर्गापुरती का होईना, या मार्गाने आणलेली नवी शक्यता होती. यमूच्या आयुष्यातील सुखाचा काळ या शक्यतेवर उभा आहे आणि तिचा शेवट परतीच्या वाटेवर आहे.

२

‘मूल्य’ आणि ‘मत’ या दोन संज्ञा एकमेकींच्या जागी वापरण्याची सवय मराठी समीक्षेला आहे. लेखक पुरोगामी मताचा असेल तर कादंबरीची मूल्ये पुरोगामी ठरतात आणि नायिका सुधारणेच्या बाजूने बोलत असेल तर ती लेखकाच्या मूल्यांची प्रतिनिधी ठरते. या रीतीने हरिभाऊंच्या कादंबरीचे सार सहज काढता येते. बालविवाह वाईट, स्त्रीशिक्षण चांगले, केशवपन अमानुष. ही मते कादंबरीत आहेत यात संशय नाही. परंतु ती आगरकरांच्या ‘सुधारका’तही आहेत आणि तेथे ती अधिक स्पष्ट व अधिक तर्कशुद्ध आहेत. त्या मतांसाठी एक मोठी कादंबरी लिहिण्याचे आणि वाचण्याचे प्रयोजन त्यामुळे सिद्ध होत नाही.

मत हे विधानाच्या रूपाने सांगता येते आणि त्याचे खंडनही करता येते. मूल्य हे निवडीतून प्रकट होते. सांगणारी व्यक्ती कशापाशी थांबते, काय भराभर उरकते, कोणाला बोलू देते, कोणाचा निवाडा करायचे टाळते, या निवडी म्हणजे निवेदन. वेन बूथ यांनी १९६१ साली ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात प्रत्यक्ष लेखक, संहितेतून सूचित होणारा लेखक आणि निवेदक यांच्यात जो भेद केला, त्याचा उपयोग येथे होतो. निवेदकाची मूल्ये आणि सूचित लेखकाची मूल्ये यांच्यात अंतर असू शकते आणि ते अंतर मोजणे हा वाचनाचाच भाग आहे. बूथ यांना हे अंतर प्रामुख्याने अविश्वसनीय निवेदकाच्या संदर्भात महत्त्वाचे वाटले. मराठीतील या कादंबरीत परिस्थिती वेगळी आहे. येथे निवेदिका पूर्णपणे विश्वसनीय आहे. प्रश्न आहे तो तिचा विश्वासार्ह आवाज तिचा स्वतःचा किती आणि तिला दिलेला किती, हा.

३

मराठी कादंबरीच्या पहिल्या चार दशकांत ‘यमुना’ नावाच्या दोन नायिका आढळतात. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा संमत झाल्याच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन आद्य प्रवृत्ती सांगताना ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांच्याबरोबर हिचा निर्देश करून वास्तवाशी भिडणाऱ्या परंपरेचा आरंभ तिच्यात पाहिला. ही यमुना आपला पती विनायकराव याच्यासह प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांची दुःस्थिती पाहते. पुढे विनायकराव अपघाताने मरण पावतो. यमुना ख्रिस्ती धर्माचा उघड स्वीकार करते आणि पुनर्विवाहही करते.

दोन्ही कादंबऱ्यांची तुलना नेहमी प्रगतीच्या भाषेत केली जाते. पहिली कादंबरी प्रचारकी आणि तुटक, दुसरी कलात्मक आणि सलग. हा निर्णय चुकीचा नसला तरी अपुरा आहे. पदमनजींच्या नायिकेजवळ मूल्ये कथेच्या आरंभापासूनच आहेत. प्रवासात तिला जे दिसते ते या मूल्यांना पुष्टी देते, पण त्यांना धक्का देत नाही. निवेदन तृतीयपुरुषी आहे आणि निवेदकाची श्रद्धा हीच नायिकेची श्रद्धा आहे. दोघांमध्ये अंतर नसल्यामुळे नायिकेला स्वतंत्रपणे काही शोधून काढावे लागत नाही. तिची सुटका होते, पण त्या सुटकेची भाषा निवेदकाची असते.

हरिभाऊंची यमू याच्या नेमकी उलट जागी उभी आहे. पतिनिधनानंतर तिला पुनर्विवाह नाही, शिक्षण पुरे करण्याची संधी नाही आणि शेवटी जगणेही नाही. मात्र आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगण्याचा अधिकार तिला आहे. पहिल्या यमुनेला मुक्ती मिळाली पण वाणी मिळाली नाही, दुसरीला वाणी मिळाली पण मुक्ती मिळाली नाही. कथानकाचा विचार केला तर १८५७ ची कादंबरी १८९० च्या कादंबरीहून धीट ठरते. निवेदनाचा विचार केला तर उलट निष्कर्ष निघतो. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. त्यामुळे कादंबरीची मूल्ये तिच्या शेवटावरून ठरवण्याची पद्धत येथे उपयोगी पडत नाही.

४

यमूच्या निवेदनाचा विचार मराठी भाषेच्या घडणीपासूनच सुरू करावा लागतो. इंग्रजीसारख्या भाषेत प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग पानेच्या पाने अज्ञात राहू शकते. मराठीत तसे होत नाही. ‘मी गेले’, ‘मी बसले’, ‘मी रडले’ या प्रत्येक क्रियापदात सांगणारी स्त्री आहे हे उमटते. स्त्रीच्या भूमिकेतून लिहिणाऱ्या पुरुष लेखकाला हे भान क्षणभरही सोडून चालत नाही. तथापि भूतकाळातील सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत स्थिती पालटते. ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’, ‘मी वाचले’, ‘मी लिहिले’ या रूपांत क्रियापद कर्माशी जुळते आणि कर्त्याचे लिंग दिसेनासे होते. या गटालाही काही अपवाद आहेत. ‘मी शिकले’, ‘मी समजले’, ‘मी विसरले’, ‘मी बोलले’ या सकर्मक क्रियांतही कर्तरी रचना टिकून राहते.

हा व्याकरणाचा सामान्य नियम आहे आणि तो कोणत्याही मराठी लेखकाला लागू आहे. हरिभाऊंनी तो योजला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु मराठीत स्त्रीचे आत्मकथन वाचताना तो वाचकावर जो परिणाम करतो, त्याची दखल घ्यायला हवी. यमू जेव्हा पाहते, ऐकते, वाचते, तेव्हा भाषा तिला फक्त साक्षीदार म्हणून उभी करते. ती जेव्हा जाते, भिते, रडते, शिकते, समजते, तेव्हा ती स्त्री म्हणून उभी राहते. सबंध कादंबरीत निवेदन या दोन अवस्थांमध्ये ये-जा करीत राहते. घरातल्या मोठ्या माणसांचे व्यवहार पाहणारी साक्षीदार आणि त्या व्यवहारांचे फळ भोगणारी मुलगी या एकाच ‘मी’च्या दोन बाजू आहेत.

याच्या जोडीला पतीच्या निर्देशाचा प्रश्न येतो. नवऱ्याचे नाव न घेण्याचा संकेत त्या काळी स्त्रीच्या बोलण्याला बांधून टाकणारा होता. ‘इकडे’, ‘इकडून’, ‘स्वारी’ अशा आडवळणाच्या शब्दांनी त्याचा उल्लेख करावा लागे. म्हणजे तिच्या बोलण्यात नवरा ही एक दिशा असे, व्यक्ती नसे. यमूचे निवेदन हा संकेत मोडत नाही. असे असूनही वाचकाला रघुनाथराव अत्यंत जवळून दिसतो. त्याच्या थट्टेचा स्वर, शिकवतानाची चिकाटी आणि वडील मंडळींसमोर धरलेले मौन हे सारे त्या आडवळणाच्या शब्दांतूनच पोचते. संकेत पाळूनही त्याच्यापलीकडचे सांगता येते, हा यमूच्या निवेदनाचा पहिला विशेष आहे आणि तिच्या मूल्यभानाचाही. उघड बंड करण्याची जागा जिच्याजवळ नाही, तिच्या बाबतीत हे छोटे यश दुर्लक्षणीय नाही.

५

यमूची जी मूल्ये सुधारणेची म्हणून ओळखली जातात, ती बहुतांशी तिला लग्नानंतर मिळाली आहेत. रघुनाथराव तिला शिकवतो. मुंबईच्या बिऱ्हाडात आल्यावर तिला मोकळेपणाचा, सुशिक्षित शेजाराचा आणि वाचनाचा सहवास मिळतो. स्त्रीने शिकावे, बायको ही सोबतीण असावी, विधवेला माणूस म्हणून वागवावे, हे विचार या घरात आकार घेतात. यमूने ते मनापासून स्वीकारले आहेत, पण त्यांचा उगम तिच्याकडे नाही.

ही घडण केवळ कल्पित नाही. काशीबाई कानिटकर यांचे वाचन-लेखन लग्नानंतर, शिकलेल्या पतीची पत्नी शोभावी या ओढीतून सुरू झाले. हरिभाऊंशी त्यांचा स्नेह होता हेही सर्वश्रुत आहे. रमाबाई रानडे यांनाही पतीनेच शिकवले आणि १९१० साली त्यांनी आपल्या आत्मकथनाला ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे नाव दिले. या ‘आमच्या’ची चापेकरांच्या ‘आमचा’शी तुलना उद्बोधक ठरते. चापेकर अनेकवचनाने गावाला कवेत घेतात, तर रमाबाई अनेकवचनाने स्वतःला पतीच्या चरित्रात सामावून घेतात. पहिल्या ठिकाणी अनेकवचन अधिकार देते, दुसऱ्या ठिकाणी ते संकोचाचे आवरण होते. एकोणिसाव्या शतकात घडलेल्या सुशिक्षित स्त्रीला ‘मी’ म्हणण्याआधी ‘आम्ही’ म्हणावे लागले, ही गोष्ट या शीर्षकात नोंदली गेली आहे.

या पार्श्वभूमीवर यमूचे ‘मी’ पाहिले की एक अडचण उभी राहते. प्रत्यक्ष जीवनात स्त्रीने ‘मी’ म्हणायला वेळ लागला. कादंबरीत ते ‘मी’ वीस वर्षे आधी अवतरले, आणि ते एका पुरुषाने लिहिले. कथेच्या आत रघुनाथराव यमूला अक्षरे देतो आणि कथेच्या बाहेर हरिभाऊ तिला वाणी देतात. दोन्ही देणगीच आहेत. मग नायिकेची ‘व्यक्तिगत मूल्ये’ हा शब्दप्रयोग कितपत सार्थ आहे? सगळी मूल्ये जर शिकवलेली असतील तर ही कादंबरी एका सुधारकाचे स्त्रीवेषातील भाषण ठरेल. काही वाचकांनी तिच्याकडे असे पाहिलेही आहे आणि तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. ज्या ज्या ठिकाणी यमू आपल्या अनुभवावरून थेट समाजाच्या स्थितीवर येते आणि वाचकाला उद्देशून बोलू लागते, त्या त्या ठिकाणी तिचा आवाज जाड होतो. वाक्ये लांबतात, तपशील विरळ होतो आणि ‘करमणूक’चे संपादक जवळच असल्याची जाणीव होते. बाख्तीन यांच्या परिभाषेत ज्याला द्विस्वरी वाणी म्हणावे, ती येथे सुसंवादी राहत नाही. एक स्वर दुसऱ्यावर चढतो.

६

परंतु कादंबरीचा फार मोठा भाग या थेट संबोधनाच्या बाहेर आहे आणि तेथे निवेदनाची मूल्ये निराळ्या ठिकाणाहून येताना दिसतात. यमूच्या आईचे चित्रण हा याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

आई शिकलेली नाही. पतीच्या कडक स्वभावापुढे ती दबलेली आहे. सुधारकी युक्तिवादाच्या चौकटीत तिची जागा ठरलेली आहे. अज्ञान आणि रूढी यांची बळी, पुढच्या पिढीने शिकून जिच्यापासून दूर जायचे अशी मागची पिढी. यमूचे निवेदन मात्र तिला ही जागा देत नाही. ते तिच्यापाशी रेंगाळते. तिचे बोलणे, तिचे गप्प राहणे, मुलांना जवळ घेणे, नवऱ्याचा राग आपल्यावर ओढून घेणे हे सारे इतक्या निगुतीने सांगितले जाते की शिक्षणाआधीची एक नीती वाचकासमोर उभी राहते. दुसऱ्याचे दुःख ओळखणे, ते बोलून न दाखवता वाटून घेणे आणि स्वतःवर अन्याय झाला तरी धाकट्यांवर तो न उलटवणे, हे यमू आईकडून शिकली आहे. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला विचार मिळाले, पण त्या विचारांना धरून ठेवणारी वृत्ती पुण्याच्या माहेरघरात तयार झाली होती.

या ठिकाणी निवेदनाचे मूल्य आणि लेखकाचे मत यांच्यात फट पडते. शिक्षणाने माणूस चांगला होतो हे मत कादंबरीभर आहे. आईचे चित्रण त्या मताला छेद देते. आईच्या मृत्यूनंतर वडिलांनी केलेले दुसरे लग्न यमू ज्या रीतीने सांगते, त्यातही हीच फट दिसते. वडिलांविषयी तिला राग आहे, पण निवेदन त्या रागाचे भाषण होऊ देत नाही. घरातले वातावरण कसे पालटले, कोणाची जागा कोणी घेतली, कोण कोणाकडे पाहीनासे झाले, हे ती नोंदवते. निवाडा वाचकावर सोडला जातो. येथे निवेदन आरोपपत्रापेक्षा साक्षीच्या जवळ जाते आणि साक्षीचे बळ आरोपाहून अधिक टिकते.

दुर्गीची कथा हे दुसरे उदाहरण. यमूची ही मैत्रीण एका दुर्वर्तनी नवऱ्याच्या हाती पडते. कथानकाच्या दृष्टीने दुर्गी उपकथानक आहे आणि तिच्यामुळे यमूचे भाग्य उठून दिसते, असे तिचे कार्य सांगता येईल. निवेदन तिला केवळ तेवढ्यासाठी वापरत नाही. यमू पुन्हा पुन्हा दुर्गीकडे परत येते. स्वतःच्या सुखाच्या दिवसांतही ती मैत्रिणीची हकीकत सोडत नाही आणि आपले सुख हा केवळ योगायोग आहे याची आठवण त्यामुळे सतत जागी राहते. दोघींचे बालपण सारखे, वयही सारखे. फरक पडला तो नवऱ्याच्या स्वभावामुळे. स्त्रीचे सारे जीवन एका पुरुषाच्या चांगुलपणावर अवलंबून असणे हीच मुळात अन्यायाची गोष्ट आहे, असा निष्कर्ष यमू तत्त्वाच्या भाषेत मांडत नाही. तो तिच्या निवेदनाच्या रचनेत आहे. आणि हा निष्कर्ष रघुनाथरावासारख्या आदर्श पतीच्या चित्रणाने सूचित होणाऱ्या समाधानाला धक्का देतो. नवरे सुधारले की प्रश्न सुटेल, असे सुधारणेचे मत म्हणते. दुर्गीची आणि यमूची समांतर कथा सांगते की नवरा चांगला असणे ही सुरक्षितता नव्हे, कारण तो मरू शकतो.

आई आणि दुर्गी या दोघींची हकीकत सांगणारे दुसरे कोणी नाही. स्वतःविषयी सांगता सांगता ज्यांना सांगता आले नाही त्यांचे सांगणे, ही यमूच्या निवेदनाची मूलभूत नीती आहे. शीर्षकातील प्रश्नाचा रोख समाजाकडे आहे असे सामान्यतः मानले जाते. निवेदनाकडे पाहता असे दिसते की त्या प्रश्नाचे पहिले उत्तर यमूनेच दिले आहे. लक्षात ती घेते.

७

मर्यादांचा विचार केल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. शंकरमामंजींचे पात्र हे यमूच्या निवेदनाचे सर्वांत मोठे अपयश आहे. धर्माचे अवडंबर माजवणारा हा दांभिक मनुष्य मराठीत जातिवाचक नामासारखा वापरला जाऊ लागला, ही त्याच्या परिणामकारकतेची खूण मानली जाते. परंतु ज्या निवेदनाने कठोर वडिलांनाही माणूस म्हणून पाहिले, ते शंकरमामंजींपुढे आपली दृष्टी गमावते. त्यांच्या आत काय चालले असेल याचे कुतूहल निवेदिकेला उरत नाही. रूढीची सारी हिंसा एका दुष्ट माणसाच्या अंगी गोळा केल्यामुळे ती हिंसा सामान्य, सज्जन, देवभीरू माणसेही करीत होती हे सत्य धूसर होते. केशवपन ही कोणा एका शंकरमामंजीची करणी नव्हती. त्यामागे घरोघरची संमती होती. यमूवर लादलेल्या केशवपनाचा प्रसंग वाचकाला हादरवतो, पण दोष एका माणसावर टाकून तो स्वतःला सोडवून घेऊ शकतो, तो या चित्रणामुळे.

दुसरी मर्यादा निवेदनाच्या परिघाची. यमूचे जग पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण मध्यमवर्गाचे आहे आणि तिच्या करुणेची व्याप्तीही बहुधा तेथपर्यंतच आहे. केशवपनासाठी वस्तरा ज्याच्या हातात दिला जाई, त्या नाभिकाचे या कृत्याविषयी काय म्हणणे होते, हा प्रश्न कादंबरीच्या कक्षेत येत नाही. वास्तविक ‘करमणूक’ सुरू झाले त्याच १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या केशवपनाला नकार दिला होता आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झालेली होती आणि तिच्यातला संतप्त, उपरोधिक स्त्रीस्वर यमूच्या स्वरापासून फार दूरचा होता. हे स्वर कादंबरीत नाहीत म्हणून तिला दोष देणे रास्त होणार नाही. पण यमूचा आवाज हाच त्या काळच्या स्त्रीचा आवाज असे म्हणणेही तितकेच गैर होईल. ‘आमचा’ या शब्दाने जी चूक होऊ शकते, तीच ‘मी’चे प्रतिनिधित्व मान्य करतानाही होऊ शकते.

८

कादंबरी पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती येत होती त्याच सुमारास, १८९३ साली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून त्यांनी जे आत्मकथन केले, त्याचे नाव ‘माझे पुराण’ असे आहे. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या’ येथे ‘माझे’ झाले. ज्या अवस्थेत हरिभाऊंनी यमूला मरण दिले, त्याच अवस्थेतून बाहेर पडलेल्या एका स्त्रीने ते ‘माझे’ उच्चारले. कादंबरीकाराला यमूसाठी जो भविष्यकाळ कल्पिता आला नाही, तो त्याच्याच काळात प्रत्यक्षात घडत होता.

हे लक्षात घेतले तर यमूचा मृत्यू हे कादंबरीचे केवळ वास्तवनिष्ठ पर्यवसान राहत नाही. तो लेखकाच्या मूल्यभानाची सीमा दाखवतो. विधवेविषयी अपार करुणा वाटणे आणि तिच्यासाठी पुढचे आयुष्य कल्पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरिभाऊंना पहिली साधली, दुसरी या कादंबरीत साधली नाही. वाचकाच्या मनात दया जागी व्हावी म्हणून नायिका मरावी लागते, हा संकेत पुढे मराठी कादंबरीत दीर्घकाळ टिकला आणि विभावरी शिरूरकरांसारख्या लेखिकेला १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ लिहिताना त्याच्याशी झगडावे लागले. तेथे नायिका विवाहाबाहेर जगू पाहते आणि त्यामुळे वाचकाला दयेची सोय उरत नाही.

तरीही यमूची मूल्ये तिच्या मरणाने पुसली जात नाहीत, कारण ती तिच्या मतांत नव्हती आणि तिच्या भवितव्यातही नव्हती. ती तिच्या सांगण्यात आहेत. सुधारणेचे विचार तिला पतीकडून मिळाले आणि तिची वाणी लेखकाकडून मिळाली, हे दोन्ही मान्य करूनही आईला विसरू न देणे, दुर्गीकडे पुन्हा पुन्हा वळणे, रागाला साक्षीचे रूप देणे या निवडी कादंबरीतील कोणत्याही सुधारकाच्या उपदेशातून निघालेल्या नाहीत. उलट काही ठिकाणी त्या उपदेशाला अडचणीत आणणाऱ्या आहेत. लेखकाचे मत आणि निवेदनाची निवड जेथे एकमेकांना छेदतात, तेथेच नायिकेच्या व्यक्तिगत मूल्यांचा शोध घ्यायला हवा. जेथे दोन्ही एकरूप होतात, तेथे बहुधा आपल्याला लेखकच ऐकू येत असतो. स्त्रीच्या भूमिकेतून लिहिलेल्या अन्य मराठी कादंबऱ्यांच्या अभ्यासालाही, लेखक पुरुष असो वा स्त्री, ही कसोटी लावून पाहता येईल.

चापेकरांनी बदलापूरविषयी ‘आमचा गाव’ म्हटले तेव्हा त्यांनी एका समूहाच्या जगण्याला कागदावर स्थान मिळवून दिले. त्या कामाचे मोल मोठे आहे. कादंबरीचे काम त्याच्या पुढचे आहे. नोंदीत ज्याला ‘चाल’ असे नाव मिळते, ती घराच्या आत एका मुलीवर कशी येऊन पडते आणि तरीही ती मुलगी कोणाची आठवण ठेवते, हे सांगण्यासाठी ‘आम्ही’ पुरत नाही. तेथे ‘मी’ लागते. ते ‘मी’ उसने असले, तरी त्याने काय लक्षात घेतले हे पाहण्याची जबाबदारी वाचकाची उरते.